आरसा नसलेला कॅमेरा

डोळ्यांसमोरून निघून जाणारे दृश्य जपून ठेवता यावे, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. चित्रकाराच्या कुंचल्याने ती काही अंशी पुरी केली आणि एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाच्या शोधाने तिला यंत्राची जोड दिली. या यंत्रात आजवर अनेक सुधारणा झाल्या. काचेच्या तावदानांची जागा फिल्मने घेतली आणि फिल्मची जागा विद्युतकणांनी घेतली. अगदी अलीकडच्या काळात या यंत्रातील एक महत्त्वाचा भाग काढून टाकण्यात आला. तो भाग म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातील आरसा. अशा कॅमेऱ्याला 'मिररलेस' म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा असे म्हणतात. आरसा कशासाठी होता, तो का गेला, आणि तो गेल्यामुळे छायाचित्रकाराला काय मिळाले व त्याच्यावर कोणती जबाबदारी आली, हे समजून घेणे बोधप्रद आहे.

प्रथम आरशाचे काम पाहू. कॅमेऱ्याच्या तोंडाशी भिंग असते आणि पाठीमागे फिल्म किंवा प्रकाश टिपणारा पडदा असतो. भिंगातून आलेला प्रकाश या पडद्यावर पडला की चित्र उमटते. परंतु फिल्मवर नको त्या वेळी प्रकाश पडला तर ती वाया जाते. म्हणून चित्र घ्यायच्या क्षणापर्यंत ती झाकून ठेवावी लागते. मग भिंगाला नेमके काय दिसते आहे, हे छायाचित्रकाराने पाहावे कसे? या अडचणीवर आरसा हा उपाय निघाला. भिंगाच्या मागे ४५ अंशांच्या कोनात बसवलेला आरसा प्रकाश वर फेकतो, वरच्या पंचकोनी लोलकातून तो वळतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबताच आरसा झटकन वर उचलला जातो, झडप उघडते, प्रकाश फिल्मवर पडतो, झडप मिटते आणि आरसा पुन्हा खाली येतो. ही सारी धावपळ क्षणार्धात होते आणि तिचा 'खट्' असा आवाज ऐकू येतो.

एका भिंगाच्या व आरशाच्या अशा कॅमेऱ्याचे पेटंट थॉमस सटन या इंग्रज गृहस्थाने १८६१ साली घेतले. जर्मनीतील एक्झाक्टा कॅमेऱ्याने १९३६ साली ही रचना ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी वापरली. १९५९ साली जपानच्या निकॉन कंपनीचा 'एफ' नावाचा कॅमेरा आला आणि वार्ताहरांपासून संशोधकांपर्यंत सर्वांनी आरशाचा कॅमेरा आपलासा केला. पुढे फिल्म गेली, तरी आरसा मात्र राहिला.

फिल्म जाण्याची कथाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो साठवणारी व वाचता येणारी रचना शोधून काढली. या शोधाबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्म नसलेला कॅमेरा तयार केला. त्यात एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज तेच काम एका सेकंदात अनेक वेळा होते, आणि तेही पूर्ण रंगांत.

प्रकाश टिपणाऱ्या या विद्युत पडद्याला 'सेन्सर' म्हणतात. मराठीत त्याला प्रकाशसंवेदक म्हणता येईल. फिल्म एकदाच वापरता येते, पण संवेदक पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्याच्यावर सतत प्रकाश पडू दिला तरी चित्र वाया जात नाही. उलट, तो जे टिपतो ते त्याच क्षणी एका लहान पडद्यावर दाखवता येते. असे असेल तर दृश्य पाहण्यासाठी आरसा हवाच कशाला? या सरळ प्रश्नातून बिनआरशाचा कॅमेरा जन्मास आला. भिंगे बदलता येणारा या पद्धतीचा 'ल्युमिक्स जी १' हा कॅमेरा पॅनासॉनिक कंपनीने २००८ साली बाजारात आणला. २०१३ साली सोनी कंपनीने ३६ × २४ मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचे असे कॅमेरे काढले, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

आरसा गेल्यामुळे कॅमेऱ्यातील त्याच्या हालचालीची जागा मोकळी झाली आणि भिंग संवेदकाच्या जवळ आणता आले. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाचे बसण्याचे कडे आणि फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर असे, तर त्याच कंपनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ते केवळ १६ मिलिमीटर आहे. साहजिकच कॅमेऱ्याची जाडी व वजन कमी झाले. विद्यार्थ्यांच्या घरोघरी असणाऱ्या मोबाइल फोनमधील कॅमेऱ्यातही आरसा नसतो. तोही याच तत्त्वावर चालतो. फरक आहे तो संवेदकाच्या आकाराचा आणि भिंगाचा. मोठ्या संवेदकावर अधिक प्रकाश मावतो, त्यामुळे अंधुक उजेडातही चित्र अधिक स्वच्छ येते.

यंत्राची रचना कळली, तरी त्याचा खरा गुण प्रत्यक्ष वापरातच कळतो. त्यासाठी नवघरसारखे ठिकाण उत्तम आहे. नवघर हे ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पूर्वेचे जुने गाव. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली आणि या काळात गावाभोवती उंच इमारतींचे शहर उभे राहिले. पश्चिमेस लोहमार्ग आहे, उत्तरेस वसईची खाडी आहे, आणि परिसरात खाडीलगत खाजणे, तिवरांची झाडी व मिठागरे आहेत. लख्ख ऊन, पांढरे मीठ, धावत्या गाड्या, पक्षी, गर्दीचे रस्ते आणि पावसाळ्यातील दमट हवा, अशी छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारी सर्व कारणे येथे एकत्र आढळतात. येथे नित्य चित्रे घेणाऱ्या छायाचित्रकाराचे अनुभव क्रमाने पाहिले, तर बिनआरशाच्या कॅमेऱ्याचे गुणदोष आपोआप उलगडतात.

सकाळी मिठागरापासून आरंभ करावा. पावसाळा संपल्यावर बांध नीट केले जातात, भरतीचे पाणी वाफ्यांत घेतले जाते, उन्हाने ते आटते, आणि खाली राहिलेले मीठ मजूर ओढून त्याच्या राशी घालतात. या पांढऱ्या राशीचे चित्र घ्यावे तर ते राखाडी येते. याचे कारण असे की, कॅमेरा उजेड मोजताना समोरचे दृश्य सर्वसाधारण आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश ते परत फेकते, असे धरून चालतो. मीठ त्याहून कितीतरी अधिक प्रकाश परत फेकते. यंत्राला वाटते की उजेड फार झाला, म्हणून ते प्रकाश कमी करते आणि पांढरे मीठ मळकट दिसू लागते. काळ्या म्हशीच्या बाबतीत नेमके उलटे घडते आणि ती करड्या रंगाची दिसते.

आरशाच्या कॅमेऱ्यात ही चूक चित्र घेतल्यानंतर कळे, कारण आरसा डोळ्याला दृश्य दाखवी, होणारे चित्र दाखवीत नसे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात कळ दाबण्यापूर्वीच राखाडी झालेले मीठ दिसते. छायाचित्रकार चकती फिरवून उजेड एक किंवा दीड पायरी वाढवतो आणि डोळ्यांदेखत मीठ पांढरे होते. या कॅमेऱ्याचा हा सर्वांत मोठा गुण होय. मात्र येथेच एक सावधगिरी बाळगावी लागते. पाहण्याच्या पडद्याची स्वतःची तेजस्विता कमीअधिक करता येते. तो फार उजळ ठेवला असेल तर काळवंडलेले चित्रही चांगले भासते. भर उन्हात पाठीमागचा पडदा तर नीट दिसतही नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार डोळा नेत्रिकेला लावतो आणि उजेडाचे प्रमाण दाखवणारा आलेख तपासतो. शेवटी मीठ पांढरे आहे हे यंत्राला ठाऊक नसते. ते माणसालाच ठाऊक असावे लागते.

मिठागराच्या उथळ पाण्यात बगळे व लांब लाल पायांचे शेकाटे चरत असतात. आरशाचा 'खट्' आवाज होताच सावध पक्षी उडून जात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात झडपेची हालचाल न करता, केवळ विद्युत पद्धतीनेही चित्र घेता येते आणि त्या वेळी कसलाही आवाज होत नाही. शिवाय जो संवेदक चित्र टिपतो, तोच भिंगाचा नेम बरोबर लागला आहे की नाही हेही पाहतो. अनेक नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा किंवा माणसाचा डोळा ओळखता येतो आणि ते त्यावरच नेम धरून ठेवतात. तरीही मध्ये गवताची काडी आली की यंत्र कधी कधी पक्षी सोडून काडीलाच धरते. अशा वेळी कोणती वस्तू महत्त्वाची, हे छायाचित्रकाराला स्वतः सांगावे लागते.

आवाज न करणाऱ्या या पद्धतीत एक उणीव आहे. ती धावत्या लोकलगाडीचे चित्र घेताना दिसून येते. बहुतेक संवेदक सारे चित्र एकदम वाचत नाहीत. ते वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. समजा, हे वाचन पूर्ण व्हायला एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ती ४० सेंटीमीटर पुढे सरकते. वरची ओळ वाचली तेव्हा डबा एका जागी होता आणि खालची ओळ वाचली तेव्हा तो पुढे गेलेला होता. परिणामी चित्रातील सरळ डबा कललेला दिसतो. म्हणून वेगवान वस्तूंसाठी नेहमीची यांत्रिक झडप वापरणे श्रेयस्कर ठरते. २०२३ साली सोनी कंपनीने सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा मोठा संवेदक असलेला कॅमेरा जाहीर करून ही उणीव दूर केली, परंतु असे कॅमेरे फार महाग असतात. गाडीचे चित्र नेहमी सुरक्षित जागेवरूनच घ्यावे. त्यासाठी लोहमार्गाजवळ जाणे जिवावर बेतणारे आहे आणि कायद्याविरुद्धही आहे, हे वेगळे सांगायला नको.

संध्याकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा नवरात्राच्या मंडपात याच पद्धतीची दुसरी गंमत दिसते. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद व प्रखर होतात. डोळ्याला हे कळत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या संवेदकाला कळते. काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात व काही मंद असताना, आणि चित्रावर काळसर पट्टे उमटतात. झडपेचा वेळ एका सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला, तर प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण आवर्तन मिळते आणि बहुधा पट्टे नाहीसे होतात. कारण समजले की उपाय सापडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आरसा आणखी एक काम मुकाट्याने करीत असे. भिंग बदलताना तो आतल्या भागासमोर पहाऱ्यासारखा उभा असे. आता तो पहारेकरी नाही. काही कॅमेऱ्यांत बंद केल्यावर झडप मिटते, परंतु पुष्कळांत संवेदक उघडाच राहतो. बांधकामाची धूळ आणि खाडीवरचा खारा वारा यांपासून त्याला जपावे लागते. म्हणून भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा, त्याचे तोंड खाली करावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी. भिंगावरचे झाकण काढून कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. कारण उन्हात धरलेले भिंग जसे कागद जाळते, तसाच अपाय ते आतील नाजूक भागांनाही करू शकते. पडदा व संवेदक सतत चालू राहत असल्यामुळे बॅटरीही लवकर संपते. एक जास्तीची बॅटरी खिशात ठेवणे ही या छायाचित्रकाराची नित्याची सवय होऊन बसते.

कोकणपट्टीतील पावसाळा तर सर्वच कॅमेऱ्यांचा शत्रू आहे. दमट हवेत बंद पिशवीत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते. तिचे बारीक तंतू काचेवर पसरतात आणि चित्र धूसर होऊ लागते. त्यावर उपाय साधा आहे. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा, दाणे ओले झाले की ते गरम करून वाळवावेत, आणि कॅमेरा अधूनमधून वापरात ठेवावा. वापरात राहिलेली वस्तू टिकते, ही जुन्या लोकांची समजूत येथेही खरी ठरते.

आता या कॅमेऱ्याच्या ज्या गुणाबद्दल सर्वाधिक विचार करायला हवा, त्याकडे वळू. तो गुण म्हणजे त्याचे मौन. आरशाचा आवाज हा यंत्राचा दोष मानला जाई. पण त्या आवाजातून समोरच्या माणसाला एक सूचना मिळे, ती अशी की, तुझे चित्र घेतले गेले आहे. मिठाची टोपली डोक्यावर घेतलेली स्त्री, बाजारात मासळी विकणारी कोळीण किंवा फलाटावर थकून बसलेला मजूर हे त्या आवाजाने मान वर करीत. त्यांना नको असल्यास ते तसे सांगू शकत. आता यंत्र काहीच बोलत नाही. चित्र निघाले हे समोरच्याला कळतदेखील नाही. जे काम पूर्वी आरशाचा आवाज करी, ते आता छायाचित्रकाराच्या तोंडाने करायला हवे. "मावशी, तुमचा फोटो काढू का?" एवढा एक प्रश्न पुरेसा असतो. उत्तर 'नको' असे आले तर कॅमेरा खाली घ्यावा. 'काढ की' असे आले तर चित्र दाखवावे आणि शक्य असल्यास त्याची एक प्रत नेऊन द्यावी. पक्ष्याजवळ मौन पाळणे हा शहाणपणा आहे, परंतु माणसाजवळ तेच मौन चोरी ठरू शकते.

या सौजन्याला एक मोठे कारण आहे. छायाचित्र हा पुढील पिढ्यांसाठी राहणारा पुरावा असतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांची जी छायाचित्रे घेतली, त्यांवरून त्या काळचा पोशाख व राहणी आजही समजते. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट लोकांसमोर आला. ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेण्याची सोय आज अनेक बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत असते. दादासाहेबांजवळ ती नव्हती. त्यांच्याजवळ होती ती चिकाटी.

नवघरमध्ये अशा चिकाटीला पुष्कळ वाव आहे. जेथे काल खाजण होते तेथे आज रस्ता आहे, आणि जेथे आज मीठ पिकते तेथे उद्या काय असेल हे सांगता येत नाही. एकाच बांधावरून, एकाच दिशेने, दर वर्षी त्याच महिन्यात एक चित्र घेतले आणि त्यावर स्थळ व दिनांक लिहून ठेवला, तर दहा वर्षांत गावाचा एक छोटा इतिहास तयार होईल. त्यासाठी महागडा कॅमेराच हवा असे नाही. मोबाइल फोनही चालेल. त्यातील मीठ मात्र पांढरेच दिसले पाहिजे, डबा सरळच दिसला पाहिजे, आणि चित्रातील माणसाच्या चेहऱ्यावर त्याची संमती असली पाहिजे.

बिनआरशाच्या कॅमेऱ्याने माणसाचे श्रम पुष्कळ कमी केले, हे निर्विवाद आहे. होणारे चित्र तो आधी दाखवतो, डोळा शोधून देतो आणि आवाज न करता काम करतो. परंतु कोणते दृश्य जपून ठेवण्यासारखे आहे, त्यातील खरा रंग कोणता आणि ते टिपण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही. आरसा जितक्या सहजपणे यंत्रातून काढता आला, तितक्या सहजपणे ही जबाबदारी माणसावरून काढून टाकता येत नाही.